‘माय’ म्हणजे कोण?

चांदूर बाजार तालुक्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी चौथी ते सातवीच्या पोरापोरींना इंग्रजी शिकवतो. फी नाही, फळा आहे, आणि लाइन असली तर पंखाही आहे. मागच्या पावसाळ्यात एकदा फळ्यावर सर्वनामं लिहिली आणि प्रत्येकाखाली देवनागरीत उच्चार दिले. आय, मी, माय, वी, यू, ही, शी, दे. पोरांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या मिनिटाला वर्गात हसू फुटलं.

‘आय’ म्हणजे आई. ‘माय’ म्हणजेही आईच, आमच्याकडे तर तोच शब्द घरोघरी. ‘मी’ म्हणजे मी. ‘ही’ म्हणजे शेजारी बसलेली पोरगी. ‘शी’ म्हणजे नाक दाबायचं. ‘दे’ म्हणजे हात पुढे करायचा. चौथीतली एक पोरगी डोळे पुसत म्हणाली, “सर, हे त सारं मराठीच हाय!”

मीही हसलो आणि धडा पुढे रेटला. रात्री वह्या पाहायला बसलो तेव्हा हसू मावळलं. पाच वह्यांत ‘ही इज माय सिस्टर’ होतं. दोन वह्यांत ‘मी गो टू स्कूल’. लाल पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं. ‘ही माझी बहीण’ असं जे लेकरू जन्मापासून बोलत आलंय, त्यानं बहिणीसाठी ‘ही’ लिहिलं तर ते विचार करूनच लिहिलं. ‘मी’ म्हणजे मी, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, आमच्या बोलीत ‘मले’, आणि आपला ‘मी’ म्हणजे तिकडचा ‘आय’. एवढं एक वाक्य मी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

मी पाचवीत इंग्रजी शिकलो, तेव्हा ते पाचवीपासूनच असायचं. महाराष्ट्रानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. म्हणजे आजच्या पोरांना चार वर्षं जास्त मिळतात. शिकवण्याची पद्धत मात्र मी पाहिली तीच आहे. फळ्यावर दोन रांगा, डावीकडे आय, उजवीकडे मी, डावीकडे वी, उजवीकडे आम्ही, आणि साऱ्या वर्गानं एका सुरात म्हणायचं. पाढे पाठ करावेत तसं. मग परीक्षेत ‘सर्वनाम ओळखा’ आलं की लेकरू बरोबर गोल करतं, गुण मिळवतं आणि घरी जातं. घरी पाहुणा इंग्रजीत नाव विचारतो तेव्हा गप्प बसतं. मग आपण सगळे म्हणतो, खेड्यातली पोरं, त्यांना इंग्रजी जमत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सर्वनामं शब्दांच्या जोड्या लावून शिकवता येत नाहीत. आंबा म्हणजे मँगो, इथे जोडी जमते, कारण आंबा चांदूर बाजारात आंबा आणि लंडनमध्येही आंबाच. ‘मी’चं तसं नाही. बोलणारा बदलला की ‘मी’ बदलतो. शाळेत शिक्षक छातीला हात लावून ‘आय ॲम युवर टीचर’ म्हणतात आणि चाळीस पोरं छातीला हात लावून ओरडतात, ‘आय ॲम युवर टीचर’. आम्ही लहानपणी ओरडलो, आजची पोरंही ओरडतात. सर्वनाम म्हणजे बोलण्याच्या बैठकीत कोण कुठे बसलंय याचा हिशेब, आणि हा हिशेब प्रत्येक भाषा आपल्या पद्धतीनं मांडते. म्हणून लेकराच्या डोक्यात आधी कोणता हिशेब बसलाय, हे विचारल्याशिवाय दुसरा बसवता येत नाही. आमच्या पोरांच्या डोक्यातला हिशेब वऱ्हाडी आहे, आणि तो कोणी विचारत नाही.

‘वी’चंच घ्या. दिवाळीच्या सुट्टीआधी वाक्य दिलं होतं, ‘वी आर गोइंग टू शेगाव.’ मराठीत करा म्हटलं. निम्म्यांनी लिहिलं, ‘आमी शेगावले चाललो.’ निम्म्यांनी, ‘आपून शेगावले चाललो.’ त्याच हसऱ्या पोरीनं हात वर केला. “सर, वी म्हणजे मले संग नेतात का नाही नेत?”

या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर नाही. आपल्याकडे ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर आणि ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत. तीन वर्षांचं लेकरूही यात चुकत नाही, कारण जत्रेला कोण जाणार आणि घरी कोण राहणार, हे त्याला याच शब्दांवरून कळतं. ग्रामसभेत माणूस उठून ‘आमच्या वस्तीत पाणी येत नाही’ म्हणतो तेव्हा सरपंचाची वस्ती वेगळी पडते. तोच ‘आपल्या गावात पाणी नाही’ म्हणाला तर सरपंचही त्याच रांगेत घागर घेऊन उभा. निवडणुकीच्या काळात कोण ‘आपण’ म्हणतो आणि निकालानंतर कोण ‘आम्ही’वर येतो, हे आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांना बरोबर कळतं. इंग्रजी ‘वी’ हा सगळा पसारा एका शब्दात कोंबतो आणि अर्थ प्रसंगावर सोडून देतो. हे पोरांना सांगितलं तर ‘वी’ त्यांच्या लक्षात राहतो. ‘वी म्हणजे आम्ही’ एवढंच सांगितलं तर निम्मी वाक्यं चुकतात, आणि पोरांना वाटतं की आपलंच डोकं कमी.

मेळघाटातून वीटभट्टीवर आलेल्या एका कुटुंबातला पोरगा दोन महिने वर्गाला येत होता. घरी कोरकू. कोरकूत दोघांच्या ‘वी’ला आणि सगळ्यांच्या ‘वी’ला वेगवेगळे शब्द आहेत, आणि दोन्हींत ऐकणारा धरला की नाही यावरून पुन्हा फाटे. इंग्रजीच्या एका ‘वी’समोर चार शब्द. आमच्या मराठीत दोन, त्याच्याकडे चार. त्याला मी विचारलं तेव्हा आधी तो लाजला, मग बोटं धरून समजावू लागला आणि सारा वर्ग त्याच्याकडे पाहत राहिला. एरवी ‘याले मराठीच येत नाही’ म्हणून मागे बसणारा पोरगा. भट्टीचा हंगाम संपला आणि ते कुटुंब धारणीकडे परत गेलं.

मराठीत वाक्याचं शेपूट सगळं सांगून टाकतं. ‘आलो’ म्हटलं की मी. ‘आलास’ म्हटलं की तू. सर्वनामाची गरजच नाही, म्हणून आपण ते सर्रास गाळतो. इंग्रजी क्रियापदांची शेपटं काळाच्या ओघात झडली, जुन्या इंग्रजीत ती होती. आता नुसतं ‘वेंट’ म्हटलं तर कोण गेलं ते कळत नाही, म्हणून प्रत्येक वाक्याच्या दारात एक सर्वनाम उभं करावंच लागतं. इतकं की पाऊस पडत असला आणि पाडणारा कोणी नसला, तरी ‘इट’ला उभं करतात. ‘इट इज रेनिंग’मध्ये ‘इट’ कोण, हे कोणी विचारू नये. पाऊस येऊन राहिला, बस. पोरं ‘इज रेनिंग’ लिहितात तेव्हा ती आळस करत नाहीत, मराठीत विचार करत असतात. त्यांना ‘इट’ पाठ करायला लावण्याऐवजी शेपूट झडल्याची गोष्ट सांगा. गोष्ट लेकराला आवडते, आणि ढोरावासरात वाढलेल्याला शेपटाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

‘हिज’ आणि ‘हर’चा घोळ याहून गुंतागुंतीचा आहे, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त लाल रेघा यावरच पडतात. सहावीतल्या एका पोरानं मित्राबद्दल चार ओळी लिहिल्या. त्यात ‘हर सिस्टर इज इन फोर्थ’ होतं. मित्र पोरगा, मग ‘हर’ कुठून आलं? त्याला जवळ बसवून विचारलं. म्हणाला, “सर, त्याची बहीण. ‘ची’ आहे ना, मंग हर.” पुढच्या वाक्यात मैत्रिणीच्या भावासाठी ‘हिज ब्रदर’. कारण ‘तिचा भाऊ’, आणि ‘चा’ आहे ना.

त्या पोराचं व्याकरण पक्कं होतं, फक्त भलत्या भाषेचं. मराठी शब्दाला दोन टोकं असतात. ‘त्याची’मधला ‘त्या’ सांगतो की मालक पुरुष आहे, आणि ‘ची’ सांगते की मालकीची वस्तू स्त्रीलिंगी आहे. एका शब्दात दोघांची खबर. इंग्रजी फक्त मालकाकडे पाहते. बहीण असो, भाऊ असो की बैलजोडी, मालक पुरुष असला की ‘हिज’. आमच्या पोरांना जन्मापासून शेपटाकडे बघायची सवय (चांगला बैल, चांगली गाय, चांगलं वासरू), म्हणून ती ‘ची’ धरून बसतात. एकच सांगावं लागतं, डोकं बघ, शेपूट बघू नको. दहा मिनिटांचं काम. पण ही दहा मिनिटं मराठीतूनच द्यावी लागतात, आणि मराठीचं व्याकरण ज्याला कळतं त्यानंच द्यावी लागतात. शिक्षक प्रशिक्षणात मात्र सांगतात, इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढू नका.

जाता जाता, याच बाबतीत आपली भाषा काय करते पाहा. ‘गण्यानं राम्याला आपली सायकल दिली.’ सायकल गण्याची, शंकाच नाही. इंग्रजीत इथे ‘हिज’ येतो, आणि सायकल कोणाची यावर पोलीस ठाण्यात भांडण होऊ शकतं.

इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच, हा आग्रह सगळाच वाईट नाही. गाणी, गोष्टी, ‘सिट डाउन’, ‘ओपन द डोअर’ हे सारं थेट कानावर पडलं तर चांगलंच. शहरात ज्या लेकराच्या भोवती दिवसभर इंग्रजी वाहतं, त्याला नियम कळण्याआधीच सवय होते. आमच्या गावात इंग्रजी ऐकू येतं ते मोबाइलवर आणि खताच्या पोत्यावर वाचायला मिळतं. इथे सवयीला वेळ नाही, समजच लागते. समजेसाठी घरातली भाषा लागते. बरं, घरातली भाषा म्हणजे पाठ्यपुस्तकातली मराठीही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलंय. आमच्याकडे त्याचा अर्थ प्रमाण मराठी असा लावतात आणि ‘मले’ म्हणणाऱ्या लेकराला आधी ‘मला’ म्हणायला लावतात. त्या दुरुस्तीतच तास संपतो.

गंमत अशी की जिथे वऱ्हाडीला हसतात, तिथेच ती कधी कधी इंग्रजीला जवळची असते. आमच्याकडे ‘पोरगा शाळेत जाते’ आणि ‘पोरगी शाळेत जाते’. प्रमाण मराठीतले लोक याला अशुद्ध म्हणतात, पुण्यात कॉलेजला गेलेल्या आमच्या कित्येकांनी या ‘जाते’पायी टोमणे खाल्लेत. पण इंग्रजीत काय आहे? ‘ही गोज’, ‘शी गोज’. क्रियापद लिंग पाहत नाही, सर्वनाम पाहतं. ‘तो जाते, ती जाते’ म्हणणाऱ्या पोराला हे एका झटक्यात कळतं. मी कळवलं तेव्हा वर्गातली मोठी पोरं जरा ताठ बसली.

‘यू’कडे येतो, कारण तिथे व्याकरणापेक्षा गाव जास्त आहे. पोरं विचारतात, “तू एकटाच हाय, मंग ‘यू आर’ काऊन? ‘यू इज’ काऊन नाही?” पुस्तक म्हणतं, नियम आहे. खरं उत्तर असं की ‘यू’ हा मुळात ‘तुम्ही’च. एकट्यासाठी ‘दाऊ’ होता, आपला ‘तू’. मोठ्यांना मान म्हणून ‘यू’ म्हणायची रीत पडली, मग सगळेच एकमेकांना ‘यू’ म्हणू लागले आणि ‘दाऊ’ प्रार्थनेत आणि जुन्या कवितेत उरला. क्रियापद मात्र अनेकवचनीच राहिलं. ‘बाबा आले’ म्हणणाऱ्या लेकराला हे समजायला अर्धा मिनिट पुरतो. ज्या पोरीनं ‘माय फादर आर फार्मर, दे गो टू फील्ड’ लिहिलं होतं, तिची चूक नेमकी हीच होती. बापाला ‘ही’ कसं म्हणायचं? तिनं मान दिला होता. इंग्रजी बापाला एकवचनातच बोलते आणि त्यात अपमान नसतो, हे तिला समजावणं गरजेचं होतं. वहीवर फुली होती, कारण कुठेच नव्हतं.

‘यू’मुळे सगळे समान होतात, म्हणून इंग्रजी ही मुक्तीची भाषा, असं म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आमच्याच गावात साठ वर्षांच्या माणसाला शेंबडं पोरगं ‘तू’ म्हणायचं, का, तर त्याची वस्ती गावाच्या कडेला. आणि तो म्हातारा त्या पोराच्या बापाला ‘मालक’ म्हणायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या घरातून शिकून निघालेल्या पोराला ‘यू’ गोड लागला तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? पण इंग्रजीही याच घाटातून गेली आहे. १६०३ साली इंग्लंडात वॉल्टर रॅले या दर्यावर्दी सरदारावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकनं त्याला भर न्यायालयात मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवलं. चक्क अरे-तुरे. तेव्हा सर्वनाम बदललं म्हणून माणूस बदलेलच असं नाही. आज तालुक्याच्या कार्यालयात ‘यू’ म्हणणारा बाबू समोरच्याचे कपडे पाहूनच ‘सर’ जोडतो की नाही ते ठरवतो. आणि आमच्या बोलीतला ‘तू’ फक्त तुच्छतेचाही नाही. मायला आम्ही ‘तू’च म्हणतो.

‘ही’ म्हणजे तो, हेसुद्धा नेहमी खरं नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं आठवं कलम सांगत होतं की ‘ही’ हे सर्वनाम पुरुष किंवा स्त्री, कोणाही व्यक्तीसाठी वापरलं आहे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच व्याख्या आहे, फक्त त्यात पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला तृतीयपंथी व्यक्तीही आली. म्हणजे या देशात सर्वनामाचा अर्थ कायद्यानं लिहून ठेवावा लागतो, आणि तो बदलतोही. तिकडे इंग्रजीत एकट्या माणसासाठी ‘दे’ वापरण्यावरून मोठा वाद चालतो. २०१९ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशानं ‘दे’लाच वर्षाचा शब्द ठरवलं. आपल्याला त्याचं एवढं नवल वाटायला नको. ‘साहेब आले का? ते कुठे बसलेत?’ एका माणसाला ‘ते’ म्हणण्यात आपली हयात गेली. सातवीच्या पोरांना हे सांगावं की नाही यावर आमच्या गावात दोन मतं आहेत. मी सांगतो.

इथून रिद्धपूर जवळ. महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण, आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच. पंथाचे संस्थापक चक्रधर, त्यांचे शिष्य नागदेवाचार्य. नागदेवाचार्यांपुढे पंडितांनी संस्कृतातून प्रश्न काढला तेव्हा ते म्हणाले होते, तुमचं अस्मात् कस्मात् मला कळत नाही, मला चक्रधरांनी मराठीतून सांगितलंय, त्यातच विचारा. अस्मात् आणि कस्मात्, दोन्ही सर्वनामांचीच रूपं. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला संस्कृतचा राग नव्हता, ज्ञान आपल्या भाषेतून मिळालं पाहिजे एवढाच त्याचा हट्ट होता. माझंही इंग्रजीशी वैर नाही. पोरांना इंग्रजी आलंच पाहिजे, त्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत, आणि ते आलं नाही तर सोसावं पोरांनाच लागतं.

मग काय करावं? फार खर्चाचं काही नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेतच. त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी चार-पाच पानांची टाचणं काढावीत, अमरावती-अकोल्यासाठी वऱ्हाडी, भंडारा-गडचिरोलीकडे झाडीबोली, मेळघाटासाठी कोरकू, गोंड वस्त्यांसाठी गोंडी. आमचं लेकरू कुठे आणि का अडखळतं, एवढंच त्यात असावं. हे लिहायला पंडित नको, ज्यानं दहा वर्षं वह्या तपासल्यात असा गुरुजी पुरे. दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग, वर सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, अशा गुरुजीला हे आयतं हातात मिळालं तर तो वापरेल. आणि उत्तरपत्रिका तपासताना थोडी सैल दोरी हवी, कारण शेवटी पोरं आणि गुरुजी दोघंही गुणांकडेच पाहतात.

सहामाही परीक्षेत त्या शेगाववाल्या पोरीला ‘वी’चा अर्थ विचारला होता. तिनं ‘आपण’ लिहिलं. उत्तरसूचीत ‘आम्ही’ होतं. अर्धा गुण गेला. अर्ध्या गुणासाठी भांडायला जाणं बरं दिसत नाही, तरी मी शाळेत गेलो. गुरुजी भले माणूस, चहा मागवला, वही पाहिली, तिचं बरोबर आहे हेही मान्य केलं. मग उत्तरसूची माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “आता यात आपण काय करणार?”